दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, नाशिक जिल्हा, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे मराठी चित्रपट निर्माते, दिग्दर्शक, पटकथालेखक आणि तंत्रज्ञ होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट समजला जातो. सुमारे दोन दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी ९० हून अधिक चित्रपट आणि अनेक लघुपट निर्माण केले.

फाळके यांच्या चरित्रात कलेइतकाच महत्त्वाचा भाग अर्थकारणाचा आहे. चित्रपटासाठी कर्ज देणारी पेढी नाही, वितरणाची व्यवस्था नाही आणि स्वदेशी चित्रपटाला सरावलेला प्रेक्षकही नाही, अशा काळात त्यांनी हा व्यवसाय आरंभला. प्रेक्षक त्यांना तुलनेने लवकर लाभला. स्वतःच्या ताब्यातील भांडवल मात्र अखेरपर्यंत लाभले नाही.

== जन्म आणि शिक्षण ==

फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथील वैदिक परंपरेच्या कुटुंबात झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. आईचे नाव द्वारकाबाई. दाजीशास्त्री यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाल्यावर कुटुंब मुंबईस आले. घरातील पुराणकथांचे संस्कार पुढे फाळके यांच्या चित्रपटांच्या विषयांत स्पष्टपणे उतरले.

१८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला व छायाचित्रण यांचे शिक्षण त्यांनी घेतले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांच्यातील प्रयोगशील वृत्ती हेरून त्यांना उत्तेजन दिले. तीनरंगी ठसे तयार करणे, शिळाछपाई आणि छायाचित्र धुण्याची रसायनविद्या या गोष्टी ते याच काळात शिकले. चित्रपटनिर्मितीतील जवळजवळ प्रत्येक काम पुढे ते स्वतः करू शकले, याचे मूळ या शिक्षणात आहे.

== उपजीविकेचे प्रयोग ==

शिक्षणानंतर फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय सुरू केला. १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. ते बडोद्यास परतले. परंतु छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती क्षीण होते, या समजुतीमुळे व्यवसाय चालेना. मग त्यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले आणि एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून आडनावातील अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले. नाटकाच्या पडद्यांची जाण आणि जादूची युक्ती या दोन्हींचा उपयोग त्यांच्या चित्रपटांतील चमत्कारदृश्यांत झाला.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. १९०३ मध्ये फाळके यांना भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली; परंतु ती त्यांनी काही वर्षांतच सोडली.

== छापखाना ==

नोकरी सोडल्यावर फाळके यांनी लोणावळा येथे खोदकाम व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी ठसे तयार करण्याचे काम तेथे चाले. नंतर भागीदारीत हा व्यवसाय मुंबईत दादर येथे आणण्यात आला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने वाढला. रंगीत छपाईची आधुनिक यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीस जाऊन आले. पुढे भागीदारांशी मतभेद होऊन ते या व्यवसायातून बाहेर पडले. कारखाना उभा करण्याचे कसब एकाचे आणि पैसा दुसऱ्याचा, अशा व्यवस्थेत वाद झाल्यास कसब असलेल्यालाच बाहेर पडावे लागते, हा अनुभव त्यांना येथे प्रथम आला. पुढील आयुष्यात त्याची पुनरावृत्ती झाली.

== चित्रपटाचा ध्यास ==

छापखाना सुटल्यानंतर फाळके यांनी मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी मूकपट पाहिला. ही घटना काही चरित्रकार १९१० च्या नाताळातील, तर काही १९११ च्या ईस्टरमधील मानतात. पडद्यावर ख्रिस्तचरित्र पाहताना राम-कृष्णांची चरित्रेही अशीच दाखविता येतील, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले आणि यंत्राजवळ नेऊन चित्र हलते कसे हे त्यांनी त्यांना समजावून दिले.

त्यानंतरचे काही महिने त्यांनी चित्रपट पाहणे, परदेशी पुस्तके वाचणे आणि एका लहानशा यंत्रावर प्रयोग करणे यांत घालविले. अपुरी झोप आणि डोळ्यांवरील ताण यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली. उपचारांनंतर ती परत आली. या काळात घरात नियमित मिळकत नव्हती आणि संसारातील वस्तू एकेक करून विकल्या जात होत्या.

== भांडवलाची जमवाजमव ==

चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी व यंत्रे आणण्यासाठी इंग्लंडला जाणे आवश्यक होते. पेढीवाल्यांना चित्रपट हा धंदा वाटत नव्हता. त्यामुळे तारणाशिवाय कर्ज मिळणे शक्य नव्हते. फाळके यांनी आपल्या १२,००० रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिस्या गहाण ठेवून १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये कोणाशीही ओळख नसताना ते ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक केबर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यातील अपयशांची आणि भारतातील हवामानाच्या अडचणींची जाणीव करून दिली. परंतु त्यांची तळमळ पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळके यांना चित्रीकरणापासून फीत धुण्यापर्यंतची कामे जवळून पाहता आली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुण्याची व छपाईची साधने विकत घेऊन आणि कच्च्या फितीची मागणी नोंदवून ते सुमारे दोन महिन्यांत परतले.

परतल्यावर विम्यावरील कर्जाचा बहुतांश पैसा यंत्रांत गुंतला होता. प्रत्यक्ष चित्रपटासाठी वेगळे भांडवल हवे होते. भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी फाळके यांनी एक अभिनव प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून, कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून, रोप वाढेपर्यंत ते ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. महिनाभराची ही वाढ पडद्यावर मिनिटा-दीड मिनिटात दिसे. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट घरगुती खेळात दाखविण्यात आला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. तरीही रक्कम पुरली नाही. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने तारण म्हणून दिले.

== राजा हरिश्चंद्र ==

=== निर्मिती ===

दादरच्या मुख्य रस्त्यावरील राहत्या बंगल्यातच कारखाना उभारण्यात आला. आवारात नेपथ्य उभे करावयाचे, सूर्यप्रकाशात चित्रण करावयाचे आणि रात्री घरातील अंधाऱ्या खोलीत फीत धुवावयाची, असा दिनक्रम होता. विदेशातून येणाऱ्या कच्च्या फितीला छिद्रे नसत. ती अंधारात बसून पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. चित्रणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि सगळ्या मंडळींचा दोन वेळचा स्वयंपाक करणे हेही त्यांच्याचकडे होते. वेतनावरील मोठा खर्च यामुळे वाचला. भारतातील पहिल्या चित्रपट तंत्रज्ञ स्त्रियांत त्यांचे नाव आता घेतले जाते.

नट मंडळी घरच्याप्रमाणे तेथेच राहत. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी, तर रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली. चित्रपटात काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला देण्यात आली. बाहेरची काही दृश्ये वांगणी येथे चित्रित झाली. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चार रिळांचा चित्रपट पूर्ण होण्यास सहा महिने २७ दिवस लागले.

=== प्रेक्षकांचा शोध ===

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट सर्वांसाठी प्रदर्शित झाला. केवळ चित्रपटावर प्रेक्षक येतील असा भरवसा तेव्हा नव्हता. त्यामुळे नृत्य, विनोदी प्रवेश आणि कसरतीचे खेळ यांची जोड कार्यक्रमाला देण्यात आली होती. प्रतिसाद चांगला मिळाल्याने खेळांची मुदत वाढविण्यात आली.

मुंबईबाहेर स्थिती वेगळी होती. नाटकाचा प्रेक्षक त्याच तिकिटात रात्रभराच्या प्रयोगाला सरावलेला होता. तासा-दीड तासात संपणारा चित्रपट त्याला महाग वाटे. सुरत येथे पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाल्याची हकीकत चरित्रकार सांगतात. चित्रपटगृहाच्या चालकाने खेळ लांबविण्याची वा तिकीट उतरविण्याची सूचना केली, तेव्हा फाळके यांनी दोन्ही न करता जाहिरात बदलली. तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रे पाहावयास मिळतील, अशा आशयाची ती जाहिरात होती. फुटास १६ चौकटी धरल्यास ३,७०० फुटांच्या फितीत ५९,००० हून अधिक छायाचित्रे भरतात. त्यामुळे हा आकडा अतिशयोक्त नव्हता. वेळ मोजणाऱ्या प्रेक्षकाला त्यांनी छायाचित्रे मोजावयास लावली आणि गर्दी वाढली.

त्या काळी कायमची चित्रपटगृहे मोजक्या शहरांतच होती. खानदेशात, तसेच बुलढाण्यासारख्या वऱ्हाडातील जिल्ह्यांत, बहुसंख्य गावांपर्यंत चित्रपट पोहोचला तो जत्रा व बाजारांत लागणाऱ्या फिरत्या तंबूंतून. फाळके स्वतःही पडदा, यंत्र आणि फिती बैलगाडीत घालून गावोगाव खेळ करीत. पुराणकथा अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकालाही ठाऊक असल्याने मूकपटाची गोष्ट त्याला सहज कळे. विषयांची ही निवड श्रद्धेतून झालेली असली, तरी व्यवसायाच्या दृष्टीनेही ती अचूक ठरली.

=== पहिलेपणाचा वाद ===

दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ हा चित्रपट १८ मे १९१२ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ एक वर्ष आधी, कॉरोनेशनमध्येच प्रदर्शित झाला होता. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता आणि त्याची फीत लंडनमध्ये धुण्यात आली होती. या कारणांमुळे पहिल्या भारतीय कथापटाचा मान सामान्यतः ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो, तथापि काही अभ्यासक तो ‘पुंडलिक’ला देतात.

== नाशिक आणि लंडनची दुसरी फेरी ==

१९१३ मध्येच फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. तेथे तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या, भारतीय चित्रपटात स्त्रियांनी काम करण्याची ही सुरुवात होय. १९१४ मध्ये ‘सत्यवान सावित्री’ प्रदर्शित झाला. एका चित्रपटाचे उत्पन्न पुढच्या चित्रपटात घालावयाचे, अशी या काळातील पद्धत होती. त्यामुळे चित्रपट चालूनही हाती राखीव पैसा उरत नसे.

१९१४ मध्ये आपले तीनही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक गुणांची प्रशंसा केली आणि हेपवर्थ यांनी इंग्लंडमध्ये राहून भारतीय चित्रपट काढण्याचा प्रस्तावही मांडला. भारतातील आपला कारखाना मोडून परदेशी स्थिरावणे फाळके यांना मान्य नव्हते. त्यांनी तो प्रस्ताव नाकारला व नवी यंत्रे घेण्याच्या खटपटीस ते लागले. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. मुंबईतील भांडवलदारांनी हात आखडता घेतला, ठरलेला पैसा आला नाही आणि त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

== महायुद्धाचा काळ आणि लंकादहन ==

युद्धामुळे कच्च्या फितीची आयात कठीण व महाग झाली. कारखान्यातील माणसे सांभाळणे अवघड होते. कर्जदारांचा तगादा होता. फाळके यांनी वर्तमानपत्रांतून जनतेला साहाय्याचे आवाहन केले आणि दौरे काढून आपल्या चित्रपटांचे खेळ केले. स्वदेशी उद्योग म्हणून लोकमान्य टिळक यांनीही त्यांच्या कामात आस्था दाखविली आणि मोठ्या भांडवलाची कंपनी उभी करण्याविषयी बोलणी झाली. परंतु त्यांतून काही निष्पन्न झाले नाही.

१९१७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लंकादहन’ने चित्र पालटले. या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. मारुतीचे उड्डाण आणि लंकेची आग पाहण्यासाठी मुंबई व पुण्यात मोठी गर्दी लोटली. मुंबईत पहिल्या दहा दिवसांचे उत्पन्न ३२,००० रुपये झाल्याचे नमूद आहे. मद्रासमध्ये जमलेली नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. याच काळात ‘नवयुग’ मासिकात लेखमाला लिहून फाळके यांनी आपली धडपड आणि भारतीय चित्रपटधंद्याविषयीचे विचार वाचकांसमोर मांडले. चित्रपटनिर्मात्याने स्वतःच्या व्यवसायाविषयी केलेल्या आरंभीच्या मराठी लेखनात या लेखमालेची गणना होते.

== हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी ==

‘लंकादहन’च्या यशानंतर भांडवलदार स्वतःहून पुढे आले. १ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ स्थापन झाली. व्यवस्थापन आपटे यांच्याकडे, तर निर्मितीची बाजू फाळके यांच्याकडे होती. कंपनीचा पहिला चित्रपट ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि त्यापाठोपाठचा ‘कालियामर्दन’ (१९१९) यांत कृष्णाची भूमिका फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. दोन्ही चित्रपट अतिशय लोकप्रिय झाले.

मात्र यशाबरोबर मतभेदही वाढले. चित्रपट मनासारखा होईपर्यंत वेळ व पैसा लावावा, ही फाळके यांची वृत्ती होती. ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या दिवसांत चित्रपट तयार व्हावा, ही भागीदारांची अपेक्षा होती. भागीदारांची बाजूही निराधार नव्हती, कारण गुंतलेला पैसा त्यांचा होता. अखेर फाळके कंपनीतून बाहेर पडले व कुटुंबासह काशीस गेले. तेथे त्यांनी नाट्यव्यवसायाची स्थिती दाखविणारे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. त्याचे प्रयोग झाले. परंतु अपेक्षित यश मिळाले नाही.

१९२२ मध्ये ते कंपनीत परतले, ते निर्मितिप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून, दरमहा १,००० रुपये वेतनावर. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, त्याच धंद्यात ते आता पगारदार होते. या काळात कंपनीने अनेक पौराणिक चित्रपट काढले. तथापि कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि मुंबईतील नवे कारखाने यांच्याशी स्पर्धा वाढत होती.

== बोलपटांचा काळ आणि अखेर ==

मायाशंकर भट्ट यांच्या साहाय्याने फाळके यांनी ‘सेतुबंधन’ या भव्य मूकपटाचे काम हाती घेतले. काम लांबत गेले, पैसा संपला आणि दरम्यान १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये ‘सेतुबंधन’ पडद्यावर आला तेव्हा मूकपटांचा जमाना सरला होता. पुढे त्याला ध्वनीची जोड देण्यात आली. त्याच १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच होती; काम करणारी पिढी आणि भांडवल मात्र नवे होते.

कोल्हापूर सिनेटोनसाठी फाळके यांनी दिग्दर्शित केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव संपूर्ण बोलपट आणि अखेरचा चित्रपट. त्यानंतर ते नाशिकला राहिले. १९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपट व्यवसायाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्या प्रसंगी व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने फाळके यांच्यासाठी निधी जमविण्यात आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

== आर्थिक बाजूचे मूल्यमापन ==

फाळके यांच्या आर्थिक अडचणींचा दोष काही लेखक त्यांच्या अव्यवहारीपणाला देतात. तो अंशतः खरा आहे. खर्चाला आवर घालण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. परंतु सुरत येथील जाहिरात, विषयांची निवड आणि गावोगावचे खेळ पाहता प्रेक्षकाची त्यांची पारख उत्तम होती, असेच दिसते. त्यांची खरी अडचण अशी की, तिकिटाच्या आण्यांतून परत येणारा पैसा सावकाश येई, तर कर्जाचे व्याज दरमहा चढे. या दोहोंमधील अंतर भरून काढणारी कोणतीही संस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती. विमा, दागिने आणि मित्रांचा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते.

१९२७-२८ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय चित्रपट समितीपुढे फाळके यांनी साक्ष दिली होती. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने भारतीय निर्मात्यांना सरकारी अर्थसाहाय्य देण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील समितीने १९५१ मध्ये पुन्हा तशी शिफारस केली आणि १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ स्थापन झाले. फाळके यांनी विमा गहाण ठेवला, त्याला तेव्हा ४८ वर्षे झाली होती.

== निवडक चित्रपट ==

* राजा हरिश्चंद्र (१९१३)
* मोहिनी भस्मासुर (१९१४)
* सत्यवान सावित्री (१९१४)
* लंकादहन (१९१७)
* श्रीकृष्णजन्म (१९१८)
* कालियामर्दन (१९१९)
* सेतुबंधन (१९३२)
* गंगावतरण (१९३७)

फाळके यांच्या बहुतेक चित्रपटांच्या फिती नष्ट झाल्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ यांचे उपलब्ध भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले आहेत.

== सन्मान आणि स्मृती ==

भारत सरकारने चित्रपटक्षेत्रातील आजीवन योगदानासाठी १९६९ पासून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार अभिनेत्री देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये टपाल खात्याने फाळके यांच्यावर तिकीट काढले. नाशिक येथे पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मुंबईच्या गोरेगाव येथील चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीची कथा सांगणारा परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट २००९ मध्ये तयार झाला आणि भारताकडून ऑस्कर पुरस्काराच्या स्पर्धेसाठी पाठविण्यात आला.